नांगर सोडला म्हणून कर्ब वाढत नाही

सध्या शेतीचा कुठलाही मेळावा घ्या, नाहीतर मोबाइलवर शेतीचा कुठलाही व्हिडिओ उघडा, एक सल्ला हमखास कानावर पडतो: सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या कुजक्या काडीकचऱ्यातला कार्बन, वाढवायचा असेल तर नांगरणी बंद करा. सल्ला अर्धा खरा आहे. अर्ध्या खऱ्या गोष्टी पारावरच्या गप्पांत खपून जातात. पण त्यांच्यावर सरकारी योजना, कंपन्यांचे करार आणि एखाद्या घराचा अख्खा खरीप उभा राहायला लागला की उरलेला अर्धा भागही कोणीतरी सांगावा लागतो.

माझं म्हणणं आधीच मांडतो. दर उन्हाळ्यात पलटी नांगर घालायचा, वर रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या मारून माती पार भुगा करून टाकायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या बहुतेक कोरडवाहू जमिनींना सोसणारी नाही आणि ती थांबली पाहिजे. ती थांबवायला धूप, ओल आणि डिझेल ही तीन कारणं पुरेशी आहेत. सेंद्रिय कर्बाचं कारण त्यात सगळ्यांत लंगडं. नेमकं तेच आज सगळ्यांत पुढे केलं जातंय, कारण मातीत साठवलेला कर्ब 'कार्बन क्रेडिट' म्हणून कंपन्यांना विकता येतो अशी हवा झाली आहे. कर्ब वाढतो तो जमिनीत परत जाणाऱ्या मुळांनी, काडीकचऱ्याने, शेणखताने. रानातून सगळं उचलून न्यायचं, उरलेली धसकटं पेटवायची आणि नांगर तेवढा वळचणीला लावून ठेवायचा, तर पाच वर्षांनी माती परीक्षणाच्या कागदावर फारसं काही बदललेलं दिसणार नाही.

नांगरटीने कर्ब घटतो हे खरं, पण तो कसा घटतो हे पाहिलं पाहिजे. मातीचे बारीक कण मुळांतून पाझरणाऱ्या चिकट द्रव्यांनी आणि बुरशीच्या तंतूंनी एकमेकांना धरून असतात. या छोट्या गुठळ्यांच्या पोटात सेंद्रिय पदार्थ अडकून राहतो. तिथे हवा कमी, जिवाणूंचा शिरकाव कमी, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो. फाळ किंवा रोटाव्हेटरचं पातं या गुठळ्या फोडतं. आतला माल उघडा पडतो, त्याला प्राणवायू मिळतो, आणि जिवाणू तो खाऊन कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत सोडून देतात. त्यात आपलं हवामान. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर, उघडी काळी माती त्याहून तापलेली, आणि मृगाचा पाऊस पडला की ओल आणि ऊब दोन्ही एकदम. त्या पंधरवड्यात मातीत कुजण्याचं काम जोरात चालतं आणि त्यातून नत्र मोकळा होतो. नांगरलेल्या रानातलं पीक पहिल्या महिन्यात शेजाऱ्यापेक्षा हिरवं दिसतं ते उगाच नाही, ते साठ्यातलं मोडून खात असतं. नांगर म्हणजे चुलीची फुंकणी. फुंकर घातली की जाळ भडकतो हे खरं, पण फुंकणी बाजूला ठेवली म्हणून चुलीत लाकूड येत नाही. आहे ते जरा सावकाश जळतं, इतकंच.

हे 'इतकंच' किती, त्याचा हिशेब शाळेतल्या गणितात बसतो. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २० लाख किलो माती असते. कर्ब ०.५ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर न्यायचा म्हणजे त्या मातीत २,००० किलो कर्ब जास्तीचा टिकायला हवा. वाळलेल्या काडीकचऱ्यात वजनाच्या ४० ते ४५ टक्के कर्ब असतो. पण घातलेला सगळा मातीत राहत नाही. आपल्या हवेत वर्ष-दोन वर्षांत त्यातला बहुतेक उडून जातो, शेकडा दहा-पंधरा भाग टिकला तरी पुष्कळ. म्हणजे टनभर कोरड्या काडीतून जेमतेम ५० किलो टिकाऊ कर्ब हाती लागतो, आणि २,००० किलोसाठी ४० टन काडी मातीत जावी लागते. ती पण आहे तो कर्ब राखायला जी लागते तिच्याखेरीज. कोरडवाहू सोयाबीनचं काड आणि मुळ्या सगळ्या धरल्या तरी हेक्टरी दोन-अडीच टनांच्या आसपास जातात, आणि त्यातलं काड मळणीनंतर बहुधा रानात उरतच नाही. मांडा आता किती हंगाम लागतील ते.

त्यात नत्राची अट वेगळीच. मातीत टिकून राहणाऱ्या सेंद्रिय पदार्थात दर १० ते १२ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो. हे प्रमाण फारसं हलत नाही. त्यामुळे २,००० किलो कर्ब बांधून ठेवायचा तर १७० ते २०० किलो नत्रही त्याच्याबरोबर अडकून पडतो, म्हणजे युरियाच्या आठ-नऊ गोण्यांइतका. हा नत्र शेणखतातून येईल, कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतून येईल किंवा गोणीतून येईल, पण यायला हवा. 'एका वर्षात कर्ब ०.३ वरून १.२ वर' अशा यशोगाथा वाचल्या की मला म्हणूनच शंका येते. एक तर त्या माणसाने रानात ट्रॉल्याच्या ट्रॉल्या शेणखत ओतलेलं असतं, नाहीतर दोन वेळचे नमुने दोन ठिकाणचे असतात.

आता 'पूर्वापार नांगरणी'बद्दल. वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्यातल्या भारी काळ्या जमिनीत दरसाल नांगरायची चालच नव्हती. तिथलं वर्षभराचं अवजार वखर किंवा कुळव. तो वरची दोन-तीन इंच माती हलवायचा, तण बुडातून कापायचा, आणि वर भुसभुशीत थर करून खालची ओल राखायचा. जड नांगराला चार-सहा बैलजोड्या लागायच्या. तो काही वर्षांतून एकदा निघे, तोही रानात हरळी किंवा कुंदा माजला असेल तर. या शहाणपणाला मातीचाच आधार होता. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, वरची सुटी माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात जमीन फुगते आणि आतल्या आत घुसळली जाते. जी जमीन दरवर्षी स्वतःच उलथते तिला उलथायला दोन हजार रुपये एकरी कशाला मोजायचे, हा प्रश्न आजोबांच्या पिढीला पडला असता. आपल्याला पडत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ती नेहमी अडाणीपणाचा मासला म्हणून सांगितली जाते. विषाची शंका खोटीच होती. पण नवं अवजार माझ्या जमिनीचं काय करील, असं विचारणारा माणूस तेव्हा होता. पुढे ट्रॅक्टर आला, त्याला मागे लावायला रोटाव्हेटर आला, त्यावर अनुदान आलं, आणि विचारणारा माणूस मात्र गेला.

ट्रॅक्टरने कर्बावर दोन्हीकडून घाव घातला, आणि नांगरणीच्या चर्चेत दुसरा घाव कोणी बोलतच नाही. बैलजोडी रान उथळ कसायची, कडबा खायची आणि शेण द्यायची. ते शेण उकिरड्यात वर्षभर कुजून बैलगाडीने रानात परत जायचं. ट्रॅक्टर डिझेल पितो आणि रानाला काही परत करत नाही. दावणीची जनावरं कमी झाली तसं शेणखत विकत घ्यायची वस्तू झालं. याच काळात मराठवाड्यात पुरुषभर उंचीच्या ज्वारीची जागा गुडघाभर सोयाबीनने घेतली. ज्वारीच्या मुळांचं जाळं आणि धसकटं कुठे, आणि सोयाबीनचं काड कुठे! गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या जमिनींतला कर्ब घटला असेल तर त्याचा सगळा आळ एकट्या नांगरावर घालणं सोयीचं आहे. बैल, उकिरडा आणि पीकपद्धत यांना त्यातून वगळता येणार नाही.

जगातल्या सर्वांत जुन्या प्रयोगांकडे पाहिलं तर हेच दिसतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. ते शेत दरवर्षी नांगरलं जातं. तरीही ज्या वाफ्याला दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत मिळत आलं, तिथला कर्ब खत न दिलेल्या वाफ्याच्या दुपटीहून जास्त आहे. कोणता शेतकरी दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत घालणार, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. मला दाखवायचंय ते एवढंच की नांगर चालू असताना कर्ब वाढल्याचा पुरावा पावणेदोनशे वर्षांचा आहे.

त्याहून आपल्या कामाचा दाखला हैदराबादजवळ पाटनचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवर आहे. तिथे १९७६ पासून दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत पावसाळ्यात रान पडीक आणि रब्बीत एक पीक, जशी जुनी रीत होती. दुसरीत रुंद वरंबा-सरी (उंच रुंद पट्ट्यावर पीक, दोन पट्ट्यांमध्ये पाण्याला चर), खतांचा योग्य वापर, सुधारित वाण आणि तुरीसारख्या कडधान्याची जोड, म्हणजे जमीन वर्षातला बराच काळ पिकाखाली. पहिलीत धान्य हेक्टरी टनाच्या आसपास राहिलं, दुसरीत जवळजवळ पाचपट झालं. २४ वर्षांनी १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत माती तपासली तेव्हा दुसऱ्या पद्धतीत हेक्टरी सुमारे ७ टन कर्ब जास्त निघाला. म्हणजे वर्षाला ३०० किलो. तिथे मशागत बंद नव्हती, वरंब्यापुरती मर्यादित होती. कर्ब वाढला तो पीक भरघोस आलं म्हणून, मुळं खोल गेली म्हणून, आणि पावसाळ्यात जमीन उघडी राहिली नाही म्हणून. आणि पाव शतक लागलं, हेही विसरायचं नाही.

मग विनानांगरणीने कर्ब वाढल्याचे एवढे अहवाल आले कुठून? बरेचसे वरच्या वीतभर थरातून. नांगर थांबला की पानं, काडी, मुळ्या सगळं वरच कुजतं आणि वरच्या ५-१० सेंटिमीटरमध्ये कर्ब खरोखरच वाढतो. नांगरलेल्या रानात तोच माल फूटभर खाली गाडला जातो. नमुना वरच्या १५ सेंटिमीटरचा घेतला की पहिलं रान श्रीमंत दिसतं आणि दुसरं दरिद्री. २००७ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी जुने प्रयोग तपासून दाखवून दिलं की ३० सेंटिमीटरच्या खालपर्यंत खोदून मोजलं तर हा फरक बहुतेक ठिकाणी विरून जातो. पुढे इतरांनीही हेच मांडलं, की विनानांगरणीत कर्बाची जागा बदलते, एकूण साठ्यात पडणारी भर थोडी असते. आपल्याकडचा मृदा आरोग्यपत्रिकेचा नमुनाही १५ सेंटिमीटरचाच असतो. त्या पत्रिकेवर कोणी कर्ब-विक्रीचा धंदा उभा करू पाहत असेल तर त्याला ही गोष्ट माहीत नसेल असं मला वाटत नाही.

इथवर वाचून कोणी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावायला घेतला असेल तर थांबा. कर्बाची वरच्या थरात झालेली ही बदलीसुद्धा लाखमोलाची आहे, फक्त तिचा भाव कार्बनच्या बाजारात लागत नाही. पावसाचा थेंब वरच्या थरावर पडतो, खालच्या नाही. एक साधी परीक्षा कोणालाही करता येते. बांधावरून, जिथे नांगर कधीच जात नाही तिथून, लिंबाएवढं ढेकूळ घ्या. दुसरं रोटाव्हेटर मारलेल्या रानातून घ्या. दोन्ही उन्हात चांगली वाळवा आणि दोन काचेच्या पेल्यांत, चहाच्या गाळणीत ठेवून, पाण्यात सोडा. बांधावरच्या ढेकळातून बुडबुडे निघतात, पाणी बऱ्यापैकी निवळ राहतं आणि ढेकूळ अर्ध्या तासानंतरही ढेकूळच असतं. रानातलं ढेकूळ दोन-चार मिनिटांत फुटतं, गाळणीतून खाली उतरतं आणि पेल्यात गढूळ चिखल होतो. पहिल्या जोरदार सरीत शेतात नेमकं हेच होतं. फुटलेली बारीक माती छिद्रं बुजवते, वर पापडी धरते, पाणी मुरायचं सोडून ओढ्याला लागतं आणि जाताना वरची सुपीक माती घेऊन जातं. उगवण विरळ झाली की मग बियाण्याच्या कंपनीला शिव्या.

खालचीही गोष्ट बघण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं रोटाव्हेटर मारलेल्या रानात टिकाव घाला. पहिले चार-पाच इंच तो लोण्यासारखा आत जातो, आणि मग आवाज बदलतो. पात्यांच्या माराने आणि ट्रॅक्टरच्या ओझ्याने तिथे टणक थर बसलेला असतो. कपाशीचं सोटमूळ त्या थरापाशी येऊन आडवं वळलेलं दिसतं. मग तो थर फोडायला पुन्हा खोल नांगरट, आणि पुन्हा भाडं. एका अवजाराने केलेलं दुसऱ्याने निस्तरायचं हे चक्र शेतकऱ्याच्या खिशातून फिरतं.

ब्राझीलमध्ये पराना राज्यात १९७२ साली हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्याने नांगर सोडला तो पावसाने डोळ्यांदेखत माती वाहून जात होती म्हणून. कार्बन क्रेडिट हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. आज तिथली कोट्यवधी एकर जमीन विनानांगरणीची आहे. २०१५ साली जगभरच्या ६१० अभ्यासांचं एक मोठं संकलन झालं. त्यात नुसती नांगरणी बंद केली तर उत्पादन सरासरीने थोडं घटतं असं निघालं. पण कोरडवाहू प्रदेशात नांगरणी बंद, पिकांचे अवशेष रानातच आणि पिकांची फेरपालट, या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर उत्पादन घटत नाही, उलट वाढतं. आपल्याकडच्या प्रचारात तीनपैकी पहिलीच गोष्ट ऐकू येते, कारण ती फुकट आहे आणि सांगायला सोपी आहे.

या तिन्ही गोष्टी कुठे जमून येतात? माझ्या मते कोकणातल्या भातात सगळ्यांत चांगल्या. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस तंत्र' बसवलं. गादीवाफे एकदाच करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, राब भाजणं नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर ठरावीक अंतराने छिद्रं पाडून त्यांत भात टोकायचं, कापणीनंतर मुळं आणि बुडखे तसेच मातीत ठेवायचे, आणि त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भुईमूग घ्यायचा. चिखलणीने भातखाचराची माती पार मोडते. ती थांबली, आणि मुळं जागेवर कुजून त्यांच्या वाटेने हवा-पाणी खेळू लागलं की गांडुळं आपसूक येतात. राबासाठी पालापाचोळा आणि शेण जाळणंही वाचतं. कमरेतून वाकून लावणी करणाऱ्या बायांचे कष्ट वाचतात, ते तर आकड्यांत धरलेलेच नसतात. कोल्हापूरकडे प्रताप चिपळूणकरांनी उसात नांगराशिवाय शेती करून, तणाचंच खत करून दाखवलं आणि त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं. दोघांच्याही पद्धतीचा जीव मुळांत आणि अवशेषांत आहे. हे दोघेही स्वतः तसं सांगतात, पण त्यांच्या नावाने फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींत तेवढंच गाळलेलं असतं.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. पहिली तणाची. नांगर आणि वखर नाही म्हटलं की तणनाशक आलंच, आणि प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा ग्लायफोसेट असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली त्याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. केंद्र सरकारने २०२२ साली त्याचा वापर कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित केला. गावात मात्र पाठीवर पंप घेऊन कोणीही फवारतो, तोंडाला फार तर गमछा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. औषधं वेगळी होती, पण पाठीवरचा पंप तोच आणि मजूरही तोच. 'निसर्गस्नेही' म्हणून जी शेती सांगायची ती तणनाशकाच्या डब्यावर उभी असेल तर ते स्पष्ट म्हणावं.

दुसरी अडचण किडींची. खोल उन्हाळी नांगरट करा, म्हणजे हुमणीच्या अळ्या आणि बोंडअळीचे कोष उघडे पडतील, उन्हाने तापतील, पक्षी वेचतील, ही कृषी विद्यापीठांची वर्षानुवर्षांची शिफारस आहे. गुलाबी बोंडअळीसाठी तर फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे राखू नका, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) रानात ठेवू नका, हे ओरडून सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. म्हणजे शेतकऱ्याला एक अधिकारी सांगतो नांगरा, दुसरा सांगतो नांगरू नका. एक म्हणतो पऱ्हाटी उपटून काढा, दुसरा म्हणतो अवशेष रानात ठेवा. शेतकऱ्याने काय समजायचं? माझ्या दृष्टीने उत्तर एवढं अवघड नाही. हुमणीचा किंवा हरळीचा उपद्रव झालेल्या रानात त्या वर्षी नांगर घाला, औषध म्हणून. पऱ्हाटी कुट्टी यंत्रातून बारीक करून कुजवा, म्हणजे अळीही मरते आणि कर्बही राहतो. पण 'दरवर्षी खोल नांगरट' ही ओळ पिकांच्या शिफारशींच्या पुस्तिकेत डोळे झाकून छापणं आता बंद व्हावं.

तिसरी अडचण धोरणाची, आणि इथे मला राग येतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत रोटाव्हेटरला अनुदान आहे. त्याच खात्याच्या दुसऱ्या दालनात, जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या 'पोकरा' या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पात, विनानांगरणीचा प्रचार होतो. तिसरीकडे औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर शेतीचा काडीकचरा जाळण्याची सक्ती आहे, त्यामुळे पऱ्हाटी आणि तुराट्या इंधनाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्यात जातात. तिकडे कोळसा वाचला म्हणून टाळ्या, इकडे जमिनीचा कर्ब का घटतोय यावर परिसंवाद. चुलीला जाणारी पऱ्हाटी मी समजू शकतो, ज्वारीचा कडबा दावणीला जातो त्याचं शेण तरी होतं. बॉयलरमध्ये गेलेली काडी रानात कधीच परत येत नाही.

काडीकचरा खरोखर मुबलक आहे तो उसात, आणि तिथे काय चाललंय? हेक्टरी आठ-दहा टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, निघतं. वरच्या हिशेबातले ४० टन, निदान कागदावर, चार-पाच वर्षांत जमतात. खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, नांगरणी लागतच नाही, म्हणजे विनानांगरणीही आयतीच झाली. बुडखे छाटायचे, पाचट सरीत दाबायचं, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाकायचं. पाणी कमी लागतं, तण दबतं. तरीही पश्चिम महाराष्ट्रात तोड झाली की संध्याकाळी फड पेटलेले दिसतातच. कारणं विचारली तर पाटाने पाणी देताना पाचट अडतं, उंदीर होतात, मजूर आत शिरत नाही. खरी असतील. पण पाचट न जाळणाऱ्याला टनामागे चार पैसे जादा द्यावेत असं किती कारखान्यांना सुचतं? ऊसतोडीचं यंत्र, काट्याचं वजन, साखरेचा उतारा, सगळ्याचा चोख हिशेब ठेवणाऱ्या माणसांना हा हिशेब येत नाही असं थोडंच आहे.

आता कार्बन क्रेडिट. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीसाठी ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली, आणि कंपन्यांची माणसं गावोगाव फिरायला लागली. आपलंच ०.१ टक्क्याचं उदाहरण घ्या. २,००० किलो कर्ब म्हणजे सुमारे ७.३ टन कार्बन डायऑक्साइड. पाच वर्षांत एवढी वाढ झाली, आणि टनाला हजार रुपये शेतकऱ्याच्या हातात पडले असं मानलं, तर वर्षाला हेक्टरी दीड हजाराच्या आत रक्कम येते. एका वर्षाची नांगरट वाचली तर हेक्टरी चार-पाच हजार तिथल्या तिथे वाचतात, त्यासाठी कुठल्या करारावर सही करावी लागत नाही. शिवाय एकाच रानातले दोन नमुने तपासले तरी निकालात ०.१ टक्क्याचा फरक पडू शकतो. काळ्या जमिनीत तर चुनखडी असते, तिच्यातला कार्बन सेंद्रिय नव्हे, तो वेगळा काढून मोजावा लागतो. जी वाढ मोजमापाच्या चुकीएवढीच आहे, ती विकत घेणारा नक्की काय विकत घेतो? आणि ज्याने तीस वर्षं शेणखत घालून कर्ब एक टक्क्याच्या वर राखला, त्याला या बाजारात काहीच नाही, कारण त्याच्याकडे 'वाढ' नाही. जमीन उपाशी मारलेल्यालाच वाढ दाखवायला वाव जास्त.

मला विचाराल तर पैसा मोजमापावर न घालता कामावर घाला. अवशेषांतून पेरणी करणारं यंत्र, पऱ्हाटीचं कुट्टी यंत्र, रुंद वरंबा-सरीचं पेरणी यंत्र यांना रोटाव्हेटरचं अनुदान वळवा. ज्या गट नंबरात पावसाळ्यात उघडं रान नाही, काडी जळलेली नाही आणि पिकांत कडधान्य आहे, त्या गट नंबराला एकरी ठरावीक रक्कम द्या. या तिन्ही गोष्टी तलाठ्याला बांधावर उभं राहून डोळ्यांनी दिसतात, प्रयोगशाळा लागत नाही. कर्ब मोजायचाच असेल तर प्रत्येक तालुक्यात चार-सहा ठरलेल्या जागी, ३० आणि ६० सेंटिमीटरपर्यंत, दर पाच वर्षांनी मोजा आणि आकडे उघड करा. तोवर एकेका शेतकऱ्याच्या कागदावरचा आकडा खताची मात्रा ठरवण्यापुरता पाहावा.

आणि हे पैसे द्यायचे कोणाला, हा प्रश्न सगळ्यांनी टाळलेला आहे. गावातली पुष्कळ जमीन आज ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) कसली जाते. करार तोंडी, मुदत एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत. कसणाऱ्याचा कूळ म्हणून जमिनीवर हक्क लागेल या धास्तीने मालक कागद करत नाही आणि दोन-तीन वर्षांनी माणूसच बदलतो. जो पुढच्या वर्षी या रानात नसणार, त्याने पाचट का कुजवावं, शेणखत का विकत घ्यावं? योजनेचा अर्ज सातबाऱ्यावर भरला जातो आणि सातबारा मालकाचा. कर्बाच्या नावाने आलेली रक्कम पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जाईल, आणि काडीपेटी कसणाऱ्याच्याच हातात राहील.